बक हॅलोरनची उजवी कड

रविवार, २ मे. संध्याकाळ.

गावच्या अग्निशमन दलाच्या फायर हॉलमधल्या बेसबॉल-कार्डांच्या बाजारातून आत्ताच परतलो. विकली दोन कार्डं, घेतली अकरा. हे जरा उलटं झालं, मान्य. पण घेतलेली अकराही पुढेमागे भावात चढणारच आहेत, त्यामुळे नीट पाहिलं तर आज फायदाच झाला. डोरीनला हे समजावलं. ती म्हणाली, एकोणीस वर्षं चढतायत, आता छताला लागली असतील. माझ्या बायकोला बेसबॉल कळतो, बेसबॉलची कार्डं कळत नाहीत.

शेजारच्या टेबलावर नेहमीप्रमाणे ऑगी. माणूस चांगला, पण मान वर करत नाही. डोळ्याला भिंग लावून दिवसभर कार्डांचे कोपरे बघत बसतो आणि गिऱ्हाईक आलं की नुसतं हं म्हणतो. तरी लोक त्याच्याकडेच जातात. बोलका माणूस लोकांना चालत नाही.

निश्चय: या वर्षी टेबलावर पाटी लावायची. ‘वेंडेल स्ट्राउस, जुन्या कार्डांचे मूल्यमापक.’ गाव मला हार्डवेअरच्या दुकानातला काच कापणारा म्हणूनच ओळखतं. छप्पन्नाव्या वर्षी तरी माणसाला त्याच्या खऱ्या गुणांवर ओळखावं.

हॉलच्या स्वयंपाकघरात आर्लीन होती. माझी थोरली बहीण. चर्चमधल्या बायकांबरोबर तिथे सँडविचं विकते. निघताना म्हणाली, वेंड, मंगळवारी घरी ये. माळ्यावर मर्लची कार्डं निघालीत, तुझ्या नजरेखालून घालायचीत. मर्ल तिचा नवरा. फेब्रुवारीत गेला. मी म्हटलं, येतो, पण फार आशा धरू नकोस. मूल्यमापकाने सुरुवातीलाच असं सांगावं.

मंगळवार, ४ मे.

सिगारचा डबा. आत दीडेकशे कार्डं. बहुतेक मुडपलेली, काहींवर कॉफीचे डाग. मर्ल तरुणपणी गोळ्या-च्युइंगमची गाडी चालवायचा आणि फुटलेले खोके घरी आणायचा, च्युइंगमबरोबर येणारी ही कार्डं त्यातली. वरवर चाळत होतो.

खालून सातवं कार्ड, १९५३, बक हॅलोरन. त्या खेळाडूच्या पहिल्या वर्षाचं, सगळे शोधतात ते.

माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. चेहरा हलू दिला नाही. याला अनुभव लागतो.

आर्लीन समोर हाताची घडी घालून बसली होती. म्हणाली, काही आहे का रे यात? मी म्हटलं, भावनिक मूल्य भरपूर आहे. ती म्हणाली, ते मलाही दिसतंय, दुसरं काही? मी म्हटलं, सगळ्यांचे मिळून अठरा डॉलर.

अठराच का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून गेलं.

ती बघत राहिली. थोरल्या बहिणी बघतात तशी. मग मीच म्हटलं, अगं, तुला कुठे दारोदार फिरवू, मीच घेतो सगळा डबा, चाळीस देतो. तिने नोटा घेतल्या, चार घड्या घातल्या आणि एप्रनच्या खिशात ठेवल्या. म्हणाली, बरं, तू म्हणतोस तर.

म्हणजे भावाच्या दुपटीहून जास्त दिले. याची नोंद असावी.

बुधवार, ५ मे. सकाळी ६.

छातीत जळजळ. आर्लीनची कॉफी नेहमी कडक असते.

विचार केला. खरा भाव सांगितला असता तर काय झालं असतं? बाई घाईघाईने पहिल्या भेटेल त्या व्यापाऱ्याला देऊन बसली असती. हे लोक विधवांना कसं लुबाडतात, मला माहीत आहे. म्हणून कार्ड मी सांभाळायला घेतलंय. योग्य वेळी, योग्य भावाने विकायचं आणि नाताळात तिच्या ताटाखाली पाकीट ठेवायचं. सगळे पैसे. मर्लच्या थडग्यावर अजून दगड नाही, अंत्यविधीवाल्यांनी रोवलेली पत्र्याची पट्टी आहे तेवढीच. त्या पैशात ग्रॅनाइटचा दगड होईल. आर्लीन रडेल. मी म्हणेन, त्यात काय एवढं.

डोरीनला सांगितलं नाही. गुपित चार कानांत राहत नाही.

रविवार, ९ मे.

मदर्स डे. दर वर्षीप्रमाणे आर्लीनकडे जेवण. आम्हाला आई नव्हती. मी सहा वर्षांचा असताना गेली, आर्लीन पंधराची. शाळा सोडून मला वाढवलं तिने. मर्ल तिला भेटायला यायचा तेव्हा आधी माझ्या हातात कार्डांचं पाकीट ठेवायचा, म्हणजे मी अर्धा तास अंगणात जाईन. माझा हा सगळा व्यासंग तिथून सुरू झाला. मलाही एक बक हॅलोरन मिळाला होता. तो मी सायकलच्या चाकात आवाजासाठी अडकवला. तेव्हा मूल्यमापन कच्चं होतं.

भाजलेलं हॅम, बटाटे, ऱ्हुबार्बची गोड पाई. आर्लीनने सगळ्यांसमोर सांगितलं, वेंडने त्या कचऱ्याचे मला चाळीस दिले, भाऊ असावा तर असा. डोरीनने माझ्याकडे पाहिलं. कचऱ्याला मी एरवी चाळीस देत नाही हे तिला ठाऊक आहे. उलट, चाळीसचा कचरा मी दोनशेला घेतो.

पाई फार खाल्ली गेली नाही.

सोमवार, ३१ मे. मेमोरियल डे.

दफनभूमीत गेलो. सगळीकडे झेंडे आणि जिरेनियम. मर्लच्या पट्टीवरच्या प्लास्टिकमध्ये पाणी शिरलंय, कागदावरचं नाव अर्धं पुसलंय. आर्लीन गुडघे टेकून माती दाबत होती. मान वर न करता म्हणाली, मर्ल त्या कार्डांतल्या एकाबद्दल काहीतरी सांगायचा बघ, कुठलं बरं ते? मी म्हटलं, तो सगळ्यांबद्दलच सांगायचा. ती म्हणाली, हो ना? मी म्हटलं, हो. मग हवेबद्दल बोललो. हवा चांगली होती.

निश्चय: काम लांबवायचं नाही. येत्या महिन्यात कार्ड ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवून घ्यायला, पाठवायचं.

शनिवार, १२ जून.

कार्ड शास्त्रशुद्ध तपासलं. रंग ताजे. कोपरे तीन उत्तम, एक बरा. मागची बाजू स्वच्छ. फक्त उजवी कड. कारखान्यातच वाकडी कापली गेलीय, वरून खाली किंचित रुंद होत गेली आहे, आणि तिथे कागदाचे तंतू निघालेत. कार्डांचे भाव छापणाऱ्या मासिकाप्रमाणे आहे तसं तीन हजार. तीच कड सरळ असती तर सात.

चार हजार डॉलर एका केसाएवढ्या कागदासाठी. हा मर्लवर अन्याय आहे.

अर्थात कापणं हा विषयच नाही. आमच्या धंद्यात कार्ड कापणारा म्हणजे मेलेला. दोन वर्षांपूर्वी फायर हॉलमध्ये एक फिच नावाचा इसम कापलेलं कार्ड विकताना सापडला, तेव्हा खुर्चीवर उभं राहून भाषण मीच केलं होतं. ‘कात्रीवाले’ हा शब्दही माझाच, नंतर तो सगळीकडे गेला. फिच खोकी उचलून गेला. त्याची बायको गाडीतच बसली होती, ती माझ्याकडे बघतही नव्हती.

तेव्हा तत्त्वाचा प्रश्न होता.

शनिवार, १९ जून.

तळघरात थोडा सराव केला. कशाचा, ते लिहायची गरज नाही. काच कापायची पोलादी पट्टी, वॉलपेपरचं नवं पातं. निरुपयोगी कार्डं चोवीस. पहिली बावीस वाया. शेवटची दोन अशी सरळ, की दुकानातल्या कुणाला दाखवावीशी वाटली. दाखवता येत नाहीत, हा या कलेचा एक दोष.

डोरीन वरून ओरडली, खाली काय चाललंय? मी म्हटलं, आवराआवर. ती म्हणाली, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, तब्येत बरी आहे ना?

मंगळवार, २२ जून. सकाळ.

झालं. एका हिसक्यात. कागदाचा निघालेला तुकडा इतका बारीक होता की श्वासाने उडून गेला. शोधला, सापडला नाही. कशासाठी शोधला, कोण जाणे.

याला कापणं म्हणत नाहीत. कापणं म्हणजे फसवण्यासाठी. हे नीटनेटकं करणं. आजारी माणसाची दाढी करतात तसं.

कार्ड आता देखणं दिसतंय. मी फार वेळ बघत नाही.

गुरुवार, २४ जून.

कॅलिफोर्नियातल्या ग्रेडिंग कंपनीला रजिस्टर पोस्टाने रवाना. आठ आठवडे लागतील म्हणाले. ग्रेडिंगची फी आणि विमा धरून बराच खर्च झाला, तो आर्लीनच्या रकमेतून वजा होईल हे ओघाने आलंच.

रविवार, ४ जुलै. स्वातंत्र्यदिन.

आर्लीनच्या अंगणात सगळे. मक्याची कणसं, बटाट्याचं सॅलड, शेजाऱ्यांचे फटाके भर दुपारीच सुरू.

आर्लीनने दगडाचं ठरवलंय. शाळेच्या कँटीनमध्ये उन्हाळी वर्गांचं काम घेतलंय त्यासाठी, पासष्टाव्या वर्षी. दगडवाला अक्षरागणिक पैसे घेतो. तिने कागदावर मजकूर लिहून आणला होता: मर्ल यूजीन टीडमन, प्रेमळ पती, भला शेजारी, गेला मासे धरायला. पेन्सिलीने एकेक अक्षर मोजत होती. हे सगळं बसत नाही म्हणाली. मग कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाली, तूच सांग, यातला कुठला शब्द काढू?

मी विचार करून म्हटलं, प्रेमळ काढ. ते सगळ्यांना माहीतच आहे.

तिने काढला. मग म्हणाली, वेंड, तुला मला काही सांगायचंय का? काही असेल तर सांग, मी दगडवाल्याला ऑगस्टअखेर कळवणार आहे. मी म्हटलं, सॅलडमध्ये मोहरी छान झालीय.

तिला नाताळपर्यंत थांबता आलं असतं. पण बायकांना घाई.

घरी येताना डोरीनने गाडीतला रेडिओ मोठा लावून ठेवला. सहा मैल.

रविवार, ११ जुलै.

चार तारखेचा, सुट्टीमुळे पुढे गेलेला बाजार आज भरला. ऑगीशी सहज, एकदम सहज विषय काढला. म्हटलं, समजा, नुसतं समजा, एखाद्या जुन्या कार्डाची एक कड रुंद असेल तर? ऑगीने एकोणीस वर्षांत पहिल्यांदा भिंग खाली ठेवलं. म्हणाला, रुंद? अरे बाबा, नशीब काढलं म्हणायचं! रुंद कड म्हणजे कुणी हात लावला नाही याची खूण. मी तर वाकडी-रुंद दिसली की डोळे मिटून विकत घेतो. म्हटलं, आणि सरळ असेल तर? म्हणाला, फार सरळ असली की वास येतो. शिवाय जुना कागद कडेला तांबूस होतो. तीन कडा म्हाताऱ्या आणि एक कालची, असं दिसलं की समजायचं, कात्रीवाला.

शब्द माझा आहे हे तो विसरला.

पोट बिघडल्यामुळे लवकर निघालो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आर्लीनने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, तुझं सँडविच. ते मी खाल्लंच नव्हतं.

शुक्रवार, ३० जुलै.

पोस्टमन येण्याआधी दारात उभं राहायची सवय लागलीय. दुकानातून अकराला घरी येतो. मालक म्हणाला, स्ट्राउस, प्रेमात पडलास काय?

ऑगीचं म्हणणं गांभीर्याने घेऊ नये. तो फार सावध माणूस. सावध माणसं पुढे जात नाहीत.

पैशांची विभागणी नव्याने केली. मूल्यमापकाचा तिसरा हिस्सा असतोच, तो रिवाज आहे. त्यावर कौशल्याचे, कारण सात हजारांतले चार माझ्या हाताने आलेत. म्हणजे साधारण निम्मं-निम्मं. उलट पाहिलं तर आर्लीनला दगडापुरतं देणंच हिताचं. म्हाताऱ्या बाईने घरात रोकड ठेवू नये.

शनिवार, १४ ऑगस्ट.

पाटी रंगवून आणली. निळ्यावर पिवळी अक्षरं. डोरीनने वाचली. म्हणाली, मूल्यमापक, कपडे धुवायचं मशीन गळतंय, त्याचं काय मूल्य होतं बघ.

आर्लीनने दगडवाल्याला कळवलं. ‘भला शेजारी’ गेलं, ‘मासे’ही गेले. यूजीन ठेवायचं की नाही यावर अडली होती. फोनवर म्हणाली, त्याला ते नाव आवडायचं नाही, पण त्याच्या आईने ठेवलं होतं रे. मी म्हटलं, थोडक्यात असलेलं जास्त शोभतं. ती म्हणाली, बरं, तू म्हणतोस तर.

गुरुवार, २६ ऑगस्ट. सकाळी ११.१०.

आलं.

पातळ पाकीट. ग्रेड मिळालेलं कार्ड जाड प्लास्टिकच्या बंद डबीत येतं. ती नाही. कार्ड साध्या पिशवीत, सोबत चिठ्ठी. ‘उजवी कड कापल्याचा पुरावा. ग्रेड देता येत नाही.’

फी परत मिळत नाही.

शुक्रवार, २७ ऑगस्ट.

कंपनीला पत्र लिहिलं. पहिला मसुदा चार पानी, त्यात वकील, माझा एकोणीस वर्षांचा अनुभव आणि कॅलिफोर्नियाबद्दल दोन वाक्यं. दुसरा एक पानी. तिसऱ्यात एकच प्रश्न उरला: तुम्हाला कसं कळलं? तोही पाठवला नाही.

कार्ड खिडकीत धरून पाहिलं. तीन कडा तांबूस. चौथी पांढरी स्वच्छ. भिंग लागत नाही. डोरीनलाही दिसलं असतं.

रविवार, २९ ऑगस्ट.

आर्लीनकडे जेवायला गेलो नाही. पाठ धरली. डोरीन एकटी गेली आणि येताना माझ्यासाठी मीटलोफ घेऊन आली, वर फॉइल, फॉइलवर आर्लीनच्या अक्षरात ‘वेंड, गरम करून खा.’ डोरीन म्हणाली, ती तुझ्याबद्दल विचारत होती. मी विचारलं, काय विचारलं? म्हणाली, विचारलं की तो बरा आहे ना. आणि तू बरा नाहीयेस, वेंडेल, मेपासून नाहीयेस. काय केलंयस ते मला सांगू नकोस, मला सांगून उपयोगाचं नाही.

पाठ खरंच दुखायला लागली.

रविवार, ५ सप्टेंबर.

बाजार. पाटी लावली. दोघांनी वाचली. एकाने विचारलं, संडास कुठे आहे?

निश्चय: नुकसान कमीत कमी करायचं. शनिवारी पलीकडच्या काउंटीत मॉलमध्ये बाजार आहे. तिथे मला कुणी ओळखत नाही. कार्ड टेबलावर ठेवायचं, गप्प बसायचं. विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर आपण होऊन सांगणं हा फाजीलपणा. पंधराशे आले तरी आर्लीनचा दगड मोठा होईल. म्हणजे हे मी तिच्यासाठीच करतोय.

शनिवार, ११ सप्टेंबर.

जे झालं ते लिहितो.

एका बाईचं टेबल होतं, पन्नाशीची, गळ्यात भिंग. कार्ड दिलं. तिने डोळ्याला लावलंही नाही. एका बोटाने माझ्याकडे परत सरकवलं. म्हणाली, कापलंय हो हे. हळूच म्हणाली, तरी आजूबाजूच्या तीन माना वळल्या. कुठून आलं, विचारलं. मी म्हटलं, मेहुण्याकडून. त्याने कापलं? मी म्हटलं,

मी म्हटलं, असेल.

मर्लचं नाव नाही घेतलं. पण म्हटलं.

ती म्हणाली, अरेरे, कार्ड चांगलं होतं. मग परत एकदा कडेकडे बघून म्हणाली, कापणाऱ्याचा हात मात्र सरळ आहे.

आणि मला बरं वाटलं. अगदी क्षणभर. खाली मॉलच्या कारंज्यापर्यंत बरं वाटत राहिलं. मग गाडीत जाऊन बसलो. फिच त्या दिवशी खोकी उचलून गेला, तो निदान आपलं कापलेलं आपलं म्हणून घेऊन गेला होता. मी ते मेलेल्या माणसाच्या अंगावर टाकून आलो.

रविवार, १२ सप्टेंबर.

काही नाही.

सोमवार, २० सप्टेंबर.

पाटी तळघरात ठेवली. रंगाची बाजू भिंतीकडे.

आर्लीनचा फोन. शनिवारी दगड बसतोय, दहा वाजता, ये. मी म्हटलं, येतो. एवढंच बोललो. इतक्या महिन्यांत मी तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य असेल, ज्यात दुसरं काही दडलेलं नव्हतं.

निश्चय: सांगायचं. सगळं.

शनिवार, २५ सप्टेंबर. संध्याकाळ.

दगड बसला. करडा, गुडघ्याएवढा. मर्ल टीडमन. खाली दोन सालं. यूजीन नाही. बाकी दगड कोरा.

माणसं गेल्यावर मी थांबलो. डोरीन म्हणाली, मी गाडीत आहे, आणि गेली. मी शर्टाच्या खिशातून कार्ड काढून आर्लीनच्या हातात दिलं, चिठ्ठीसकट. मनात भाषण तयार होतं. त्यात सांभाळायला घेतल्याचा भाग होता, नाताळच्या पाकिटाचा होता. ते भाषण केलं नाही.

तिने चष्मा लावून चिठ्ठी वाचली. म्हणाली, तू कापलंस? मी म्हटलं, हो. म्हणाली, कशाने? मी म्हटलं, वॉलपेपरच्या पात्याने. म्हणाली, आता भाव काय याचा? मी म्हटलं, शंभर, दीडशे. तेही कापलंय हे सांगून. म्हणाली, आणि न कापता काय होता? मी म्हटलं, तीन हजार.

ती म्हणाली, तीन हजार दोनशे. हिवाळ्यात तेवढा होता. मर्लने हॉस्पिटलात मासिक मागवून घेतलं होतं, मला दाखवलं.

माझ्या तोंडून निघालं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, मेमध्ये तू माझ्या स्वयंपाकघरात बसून अठरा म्हणालास तेव्हाही माहीत होतं. वाटलं, थट्टा करतोयस. मग वाटलं, उद्या येऊन सांगेल. मग वाटलं, रविवारी सांगेल. मी विचारायचं सोडलं नाही रे, वेंड. अजून किती विचारायचं होतं?

मी म्हटलं, मग तू माझ्याकडे आणलंसच कशाला? ऑगीकडे जायचं.

ती म्हणाली, मर्ल म्हणाला होता, विकायचं झालं तर वेंडला विचार. सगळे तुला फसवतील, तो नाही फसवायचा.

मग तिने कार्ड एप्रनच्या नव्हे, चांगल्या कोटाच्या खिशात ठेवलं. मी दगडाकडे बघत होतो. दुसरीकडे कुठे बघायला जागा नव्हती. म्हटलं, दगडावरचे काढलेले शब्द मी घालून देतो, सगळे, प्रेमळसुद्धा. ती म्हणाली, ते मी घालीन. तू घालायचे नाहीत. रागावून नाही म्हणाली. भाजी निवडताना बोलावं तसं म्हणाली.

गेटपाशी थांबली आणि वळून म्हणाली, आता उभा काय राहिलास, ओव्हनमध्ये रोस्ट आहे, चला, डोरीनला भूक लागली असेल.

मला वाटलं होतं ती हाकलून देईल. त्याची तयारी मी केली होती. याची नव्हती.

गेलो. तिने मला नेहमीच्या खुर्चीवर बसवलं, नेहमीसारखं पहिलं ताट मला वाढलं. रोस्ट, गाजरं, घट्ट रस्सा. मी दोनदा वाढून घेतलं. चव लागली. त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटतेय.